आधी जेवून घे

आई परीक्षा देऊ शकणार नाही हे सिद्ध करायचं ठरलं, त्या दिवशी वृषालीने सवयीने तयारीची यादी केली. हॉस्पिटलचे कागद, जन्मदाखल्याचं भाषांतर, तीन फोटो, आणि आईचं निळं स्वेटर, कारण तपासणीच्या खोल्या थंड असतात. यादी संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आईला नापास करायच्या तयारीला लागलो आहोत, आणि तेही व्यवस्थित, एकाही शंकेला जागा न ठेवता. वीस वर्षं ती पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. बाटलीवर वेळ लिहिली नाही तर नमुना फेकून द्यावा लागतो, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

शकुंतलाबाई भंगाळे येत्या चौदा मार्चला पंचाहत्तर वर्षांच्या होणार होत्या. नव्या कायद्याप्रमाणे २०३९ सालापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या परदेशी माणसाचं कायम वास्तव्याचं कार्ड पुन्हा मिळत नव्हतं. त्याआधी नागरिक व्हायचं, नाहीतर परत जायचं. नागरिक व्हायला परीक्षा होती. इंग्रजीत दोनशे प्रश्न, दरवर्षी बदलणारे, त्यांतले वीस विचारायचे. आजारामुळे ज्याला शिकताच येत नाही, त्याला परीक्षा माफ होती.

आणि शकुंतलाबाईंना शिकता येत नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी ओहायोतल्या याच घराच्या मागे टोमॅटोच्या रोपांना पाणी घालताना त्यांचं हृदय बंद पडलं. वृषालीचा नवरा पराग रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांची छाती दाबत राहिला. अकरा मिनिटांनी हृदय पुन्हा सुरू झालं, पण तेवढ्यात मेंदूचा एक लहान भाग कायमचा गेला होता. दोन्ही कानांच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा, म्हणून त्याच नावाचा: हिप्पोकॅम्पस. प्राणवायू तुटला की मेंदूत सगळ्यात आधी जे भाग मरतात, त्यांतला हा एक. जुन्या आठवणींना पुढे त्याची फारशी गरज राहत नाही, पण नवी गोष्ट त्याच्याशिवाय रुजत नाही.

त्यामुळे आई अगदी पूर्वीचीच होती, फक्त दहा-बारा मिनिटांची. भुसावळच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असताना पाठ झालेले नंबर तिला अजून येत होते. कापूस जिनिंग चौऱ्याऐंशी, रेल्वे दवाखाना एकशे बारा. परागची चेष्टा करायला ती चुकत नव्हती. सकाळी काय खाल्लं ते मात्र तिला सांगता येत नसे. ओहायोत येऊन तिला सहा वर्षं झाली होती, आणि हृदय बंद पडण्याआधीची साडेतीन वर्षं तिच्या डोक्यात शाबूत होती. म्हणून हे घर तिला येत होतं. बाथरूम डावीकडे, कंगवा दुसऱ्या खणात, मागच्या दाराची कडी वर ओढून मग सरकवायची.

हाच सगळा प्रश्न होता. तिला परत पाठवलं तर भुसावळला कुणी नव्हतं. जायचं म्हणजे नाशिकच्या वृद्धाश्रमात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नवी जागा त्यांना कधीच पाठ होणार नाही. रोज सकाळी त्या अनोळखी खोलीत जाग्या होतील, आणि दिवसभर दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यांदाच हरवतील. मरेपर्यंत.

पूर्वी अशा माफीला डॉक्टरचं पत्र पुरायचं. पत्रं खोटी निघायला लागली तशी नागरिकत्व कार्यालयाने यंत्र आणलं. त्याला सगळे टोप म्हणत. दिसायलाही ते शिरस्त्राणासारखंच होतं, आतून बारीक चुंबकीय संवेदकांनी मढवलेलं. त्यामागचं विज्ञान जुनं आणि साधं होतं. उंदीर भुलभुलैयातला रस्ता शिकला आणि मग स्वस्थ पडला, की त्याचा मेंदू तोच रस्ता पुन्हा चालून पाहतो, वीसपट वेगाने, पुन्हा पुन्हा. माणसाचंही तसंच. आपण जे शिकतो ते विश्रांतीत मेंदू स्वतःशी उजळणी करतो, आणि उजळणी झाली तरच ते टिकतं. ही उजळणी मुद्दाम करता येत नाही आणि मुद्दाम थांबवताही येत नाही. टोप तेवढंच पाहायचा. नवी गोष्ट सांगायची, चाळीस मिनिटं डोळे मिटून पडायला लावायचं, आणि उजळणीच्या लहरी उठतात का ते मोजायचं. तीन आठवड्यांत तीनदा आलेख सपाट आला, तर माफी.

अडचण होती ती सांगायच्या गोष्टीची. सुरुवातीला लोकांना घटनेची कलमं ऐकवत. पण ती ऐकून धडधाकट म्हाताऱ्यांच्याही मेंदूत काही उठेना, कारण कुणाला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. मग तज्ज्ञांच्या समितीने नियम घातला की गोष्ट काळजाला भिडणारी हवी. अर्जदाराला ती ठाऊक नसावी, जवळच्या नातेवाइकाने मातृभाषेत सांगावी, आणि ती खरी असावी. आजारी माणसाशी खोटं बोलणं आचारसंहितेत बसत नव्हतं.

अर्जाच्या सातव्या पानावर विचारलं होतं, अशी एखादी घटना आहे का. वृषाली त्या रकान्यावर बराच वेळ थांबली. भास्करमामा, आईचा दोन वर्षांनी मोठा भाऊ, नोव्हेंबरात भुसावळला वारला होता. आईला वृषालीने आणि परागने सांगितलं नव्हतं. एकदा सांगून ती विसरली असती, मग पुन्हा विचारलं असतं, पुन्हा सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा ती विचारायची तेव्हा रविवारी फोन लावू असं म्हणणं सोपं होतं. रविवार तिच्यासाठी कधी उजाडतच नव्हता.

वृषालीने "होय"वर खूण केली.

*

भुसावळच्या एक्स्चेंजमधली एक गोष्ट आई नेहमी सांगायची. रात्रंदिवस मृत्यूच्या बातम्या तिच्या कानांवरूनच पुढे जायच्या. मुंबईहून कॉल आला की पलीकडचा माणूस आधी ऑपरेटरलाच रडत सांगायचा, आणि मग ज्याला बातमी द्यायची त्याच्या घरी ती घंटा वाजवायची. कुणी बाई फोनवर आली की आई कॉल जोडायच्या आधी विचारायची, मावशी, जेवण झालं का? नाही म्हटलं तर सांगायची, लाइन खराब आहे, अर्ध्या तासाने लावते, तुम्ही जेवून घ्या. साहेबांनी तिला यासाठी दोनदा मेमो दिला. ती म्हणायची, बातमी कुठे पळून जात नाही. माणूस मात्र दोन दिवस उपाशी राहतं.

घरातही तोच रिवाज होता. आजोबा गेले तेव्हा शाळेतून आलेल्या वृषालीला आईने आधी समोर बसवून दहीभात भरवला होता, हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेला, आणि शेवटचा घास गिळल्यावर सांगितलं होतं. तेव्हा वृषालीला ते फार मायेचं वाटलं होतं. अजूनही वाटत होतं.

म्हणून पहिल्या तपासणीला जाताना तिने स्टीलच्या डब्यात दहीभात घेतला.

केंद्रातली तंत्रज्ञ हिबो नावाची सोमाली बाई होती. चाळिशीची, कमी बोलणारी, हात ऊबदार करून मगच माणसाला लावणारी. तिने शकुंतलाबाईंना टोप घातला, तेव्हा त्यांनी वृषालीला मराठीत विचारलं की ही मला चंद्रावर पाठवते आहे का. हिबोने परिस्थितीचा कागद पुढे केला. बातमी सांगण्याआधी काय काय घडलं ते त्यावर लिहायचं होतं. दुसरं कुणी असतं तर "काही विशेष नाही" लिहून मोकळं झालं असतं. वृषालीने लिहिलं: स्टीलचा डबा, दहीभात, हिंग-जिऱ्याची फोडणी, मुलीच्या हाताने पाच घास, वेळ दहा चाळीस.

आई चवीने जेवली. मीठ किंचित कमी आहे म्हणाली. पाचव्या घासानंतर वृषालीने डबा बंद केला आणि तिचा हात हातात घेतला.

"आई, भास्करमामा वारला."

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आपला भास्कर?"

"हो. नोव्हेंबरात. झोपेतच."

 मग तोंडावरची एकेक रेष सुटत गेली. "जेवला होता का तो?"

"हो. जेवून झोपला होता." हे वृषालीला ठाऊक नव्हतं.

"आणि मला तू आत्ता सांगतेस," आई म्हणाली, आणि मग टोपासकट, तारांसकट, ओणवी होऊन रडायला लागली. आवाज न करता. फक्त पाठ हलत होती. वृषालीने त्या पाठीवर हात ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ पाहत राहिली, कारण सात मिनिटांच्या वर बोलायची परवानगी नव्हती.

चाळीस मिनिटांनी टोप काढला तेव्हा आईने डोळे उघडून खोली पाहिली. गालावर सुकलेलं पाणी तिला कळलं नाही. केवढी ही थंडी, माझं ऑपरेशन करताय की काय, असं तिने विचारलं. गाडीत बसल्यावर म्हणाली की भास्करला बरेच दिवसांत फोन नाही, आज लावू या. वृषाली म्हणाली, रविवारी लावू.

आलेख सपाट होता.

संध्याकाळी परागने आलेखाची प्रत पाहिली आणि परत घडी घालून ठेवली. तो औषधांच्या दुकानात काम करत होता, मात्रा आणि परिणाम यांचा हिशोब त्याच्या डोक्यात सतत चालायचा. तो म्हणाला की वीस मिनिटांनी आई हसत होत्या, आत्ताही त्या त्याला जावईबापू म्हणून चिडवून गेल्या. मग तो एवढा रडवणारा त्रास जातो कुठे? त्यांच्या डोक्यात तर तो नाही.

वृषाली म्हणाली, मला माहीत नाही.

पराग म्हणाला, म्हणजे कुठेच नाही. मग प्रश्नच मिटला. त्याने हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, आणि तिला थोडं बरं वाटलंही.

*

दुसऱ्या तपासणीला आईने डबा उघडताना पाहिला आणि खुर्चीत मागे सरकली. हिंगाचा वास आला तशी तिने नाकाला पदर लावला. भूक नाही म्हणाली. नाश्ता तिला सकाळी मुद्दामच दिला नव्हता, कारण पहिल्या वेळी दिला नव्हता. वृषालीने पहिला घास पुढे केला, तो तिने घेतला, पण चावताना ती वृषालीच्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही. तिसऱ्या घासाला तिची हनुवटी थरथरायला लागली. कशामुळे होतंय मला असं, असं तिने विचारलं, आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच म्हणाली, म्हातारपण, दुसरं काय. पाचही घास व्हायला अकरा मिनिटं लागली.

मग वृषालीने सांगितलं. आपला भास्कर? जेवला होता का तो? आणि मला तू आत्ता सांगतेस. शब्द तेच, त्याच क्रमाने. पाठ तशीच हलली.

आई डोळे मिटून पडली असताना हिबोने वृषालीला काचेच्या पलीकडे बोलावलं. पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची उजळणीची, सपाट. खालची नाडीच्या ठोक्यांची. हिबोने खालच्या रेघेवर बोट ठेवलं. मागच्या वेळी ही बातमीनंतर उसळली होती. या वेळी बातमीच्या अकरा मिनिटं आधी. डबा उघडला तेव्हा.

वृषालीने विचारलं, म्हणजे तिच्या लक्षात राहतंय?

हिबोने नकारार्थी मान हलवली. मग ती एक जुनी गोष्ट सांगू लागली, शिकत असताना ऐकलेली. सव्वाशे वर्षांपूर्वी जिनिव्हातल्या एका डॉक्टरकडे अशीच एक पेशंट होती, रोज त्याला नव्याने ओळख करून द्यावी लागायची. एकदा त्याने हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. थोड्या वेळाने ती सगळं विसरली, डॉक्टरलाही. पण त्याने पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला मागे घेतला. का ते तिला सांगता येईना. समुद्रघोडा मेला तरी त्याच्या टोकाशी बदामाएवढा एक भाग असतो, हिबो म्हणाली, तो तुमच्या आईचा जिवंत आहे. त्याला घटना कळत नाही. नाव, तारीख, कोण मेलं, काही नाही. त्याला एवढंच कळतं की याच्यानंतर दुखतं.

"तुमची बातमी तिला माहीत नाही," ती म्हणाली. "तुमचा डबा माहीत आहे."

वृषालीने विचारलं, हे अहवालात जाईल का. हिबो म्हणाली, त्यासाठी रकाना नाही. टोप फक्त वरची रेघ मोजतो.

मग वृषालीने दुसरी गोष्ट विचारली. तिसऱ्या वेळी डबा आणला नाही तर चालेल का? किंवा नवऱ्याने सांगितलं तर? हिबोने परिस्थितीचा कागद तिच्यापुढे सरकवला. वृषालीचंच सुबक अक्षर. तिन्ही वेळा परिस्थिती तीच हवी, हा नियम वृषालीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नमुना घ्यायची पद्धत मध्येच बदलली की आधीचे निकाल बाद होतात, हे ती स्वतः नव्या मुलींना शिकवायची. बाद झालं तर सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. चौदा मार्चला साडेतीन आठवडे राहिले होते.

"मी एवढं सगळं लिहायला नको होतं," वृषाली म्हणाली.

"इतकं कुणी लिहीत नाही," हिबो म्हणाली.

*

त्या आठवड्यात घरात बदल झाला, तो आधी परागला दिसला. आई जेवणाचं ताट वृषालीच्या हातून घेईना. टेबलावर ठेवलं तर जेवायची. परागने दिलं तर जेवायची, वर त्याला म्हणायची की जावयाच्या हातचं खाऊन माझं पुण्य संपतंय. वृषाली ताट घेऊन आली की मात्र ती काहीतरी कारण काढून उठायची. कंगवा शोधायला. कडी लावली का पाहायला.

आपल्या मुलीला ती ओळखत होती, हेच वाईट होतं. एकदा सोफ्यावर दोघी बसल्या असताना आई अंग चोरून कडेला सरकली आणि मग स्वतःच ओशाळली. "वृषा, जरा पलीकडे बसतेस का गं," ती म्हणाली. "राग मानू नको. तू जवळ आलीस की पोटात खड्डा पडतो. का ते कळत नाही."

पराग म्हणाला की पुरे झालं. थांबवू या. वृषालीने त्याला विचारलं, आणि मग? मग नाशिक. मग दर दहा मिनिटांनी पोटात खड्डा, आणि जवळ कुणीच नाही.  पराग उठून आईंचं ताट वाढायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीशी उन्हात बसलेली असताना वृषाली दारातच उभी राहिली, हात रिकामे ठेवून, आणि तिने सरळ विचारलं. सगळं सांगितलं, फक्त मामाचं नाव वगळून. की एक तपासणी आहे, त्यात तुला मोठं दुःख होईल, ते तू विसरशील, पण कदाचित तुला माझी भीती बसेल. नाही केली तर तुला नाशिकला जावं लागेल. तुला काय हवंय?

शकुंतलाबाईंनी नीट विचार केला. त्यांचं डोकं चांगलं होतं. "इथेच राहू दे मला," त्या म्हणाल्या. "इथे माझा कंगवा कुठे आहे ते मला ठाऊक आहे." मग हसून म्हणाल्या, "आणि तुझी भीती कसली बसते? पाटीभर शेंबूड पुसलाय तुझा."

वृषालीने हे वाक्य मनात जपून ठेवलं, परवानगीच्या सहीसारखं. दहा मिनिटांनी सही करणारी ती विसरली.

*

तिसऱ्या तपासणीला दहा चाळीसला वृषालीने डबा उघडला. आईने तोंड फिरवलं. ओठ घट्ट मिटले. वृषालीने घास पुढे केला, तो हनुवटीला लागून स्वेटरवर पडला. तिने दुसरा केला. आई लहान मुलासारखी मान हलवत राहिली, आणि वृषाली समजावत राहिली, दोनच घास, बरं चारच, आई तू माझ्या परीक्षेच्या दिवशी अशीच मागे लागायचीस ना. पराग काचेपलीकडे उभा होता. हिबो त्याच्याशेजारी. दोघंही पडद्याकडे पाहत होते, कारण ते सोपं होतं.

शेवटी वृषालीने डाव्या हाताने आईचे गाल दाबले. फार जोरात नाही. तोंड उघडण्यापुरते. हे कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण पाच घास लिहिलेले होते.

पाचवा घास गेल्यावर आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती वृषालीच्या तोंडाकडे बघत होती. काय येणार आहे ते तिला माहीत नव्हतं. येणार आहे एवढंच तिच्या सगळ्या अंगाला माहीत होतं.

"सांगू नको," ती म्हणाली.

वृषालीने डबा बंद केला, हात हातात घ्यायला गेली, तो आईने पाठीमागे लपवला होता. कागदावर हात धरल्याचं नव्हतं. तिने तो सोडून दिला.

"आई, भास्करमामा वारला."

"आपला भास्कर?"

पुढचं सगळं पूर्वीसारखंच झालं.

अहवाल नऊ दिवसांनी आला. एका पानाचा. अर्जदारात कोणतीही नवी गोष्ट शिकण्याची क्षमता आढळली नाही. तिन्ही आलेख सपाट. परीक्षा माफ. ज्याला शब्दांचा अर्थ धरून ठेवता येत नाही त्याच्याकडून शपथ घेण्यात अर्थ नाही, म्हणून शपथही माफ. खाली कुणाची सही नव्हती, फक्त यंत्राचा क्रमांक.

प्रमाणपत्र अकरा मार्चला घरी आलं. परागने पेढे आणले. शकुंतलाबाईंनी त्याच्या हातून एक घेतला आणि कशाचे म्हणून विचारलं. तुम्ही इथल्या नागरिक झालात, तो म्हणाला. परीक्षा न देताच? त्यांनी डोळे बारीक केले. वशिला लावलास वाटतं. मग दुसरा पेढा घेतला. वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून तिला आईची पाठ दिसत होती, सैल, आरामात टेकलेली.

*

वृषाली पद्धतशीरपणे कामाला लागली. तिने डबा टाकून दिला. हिंगाची बाटली कुलूप लावून ठेवल्यासारखी वरच्या फळीवर मागे सरकवली. साबण बदलला, हातातल्या बांगड्या काढल्या, तपासणीला घातलेले तिन्ही कपडे दान केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नोंद ठेवायची. शिकलेली भीती पुसता येते, असं तिने वाचलं होतं. टाचणी नसलेला हात पुन्हा पुन्हा पुढे करत राहायचं. किती वेळा ते कुठे दिलेलं नव्हतं. आणि एका लेखात असंही होतं की भीती विसरणं हेही एक शिकणंच आहे, आणि त्यासाठी मेंदूला आजची जागा, आजची वेळ ही वेगळी आहे हे कळावं लागतं. ते काम समुद्रघोड्याचं. तिने तो लेख पुन्हा उघडला नाही.

जूनमधल्या एका सकाळी तिने शिकरण केलं. केळी, दूध, साखर, वेलची. दहीभाताशी काहीही संबंध नसलेला पदार्थ. काचेची वाटी, लाकडी चमचा. आई मागच्या दाराबाहेर टोमॅटोची रोपं पाहत बसली होती, उन्हात, खुशीत, स्वतःशीच कसले तरी नंबर पुटपुटत. वृषाली दोन हात लांब थांबली आणि वाटी पुढे केली.

आईने वाटी पाहिली. मग वृषालीकडे पाहिलं. पुटपुटणं थांबलं. ती खुर्चीत ताठ झाली, दोन्ही पाय जुळवून, एक्स्चेंजमध्ये बसायची तशी, आणि तिच्या तोंडावर त्या जुन्या कामाची सावधगिरी आली. वाईट बातमी द्यायच्या आधी काय करतात ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं, आई."

आईने तिचं तोंड शोधलं, खोटं कुठे आहे ते पाहायला.

"मग मला खायला कशाला आणलंस?"

 आईने मांडीवर दोन्ही हात एकात एक अडकवून दाबून धरले. "भास्कर बरा आहे ना?" तिने विचारलं. "त्याला फोन लाव आधी."

"रविवारी लावू," वृषाली म्हणाली. वाटी तिने खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवली, आईच्या हाताला पोचेल अशी, आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं.

दाराच्या आत ती उभी राहिली. दहा-बारा मिनिटं ती तिथून हलली नाही. मग बाहेर लाकडी चमचा काचेवर हळूच वाजायला लागला.